१९५६चं बोटीचं इंजिन, जॉन्सन सी-हॉर्स : दोन प्लग, एकालाच करंट. सगळं बदलू की शोधत बसू?

तळ्याकाठी

मंडळी,

मिनेसोटात राहून सात वर्षं झाली. दहा हजार तळ्यांचं राज्य म्हणून गाड्यांच्या नंबरप्लेटवरसुद्धा लिहिलेलं असतं, पण आजवर आमची मजल काठावर बसून भेळ खाण्यापलीकडे गेली नव्हती. गेल्या ऑक्टोबरात शेजारचे आजोबा घर विकून मुलीकडे राहायला गेले. गॅरेज रिकामं करताना त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाले, हे तू ने, नाहीतर भंगारात जाईल. 'हे' म्हणजे लाकडी घोडीला टांगलेलं, रंग उडालेलं बोटीचं इंजिन. त्यांच्या वडिलांनी नवं घेतलेलं. क्लॅम्पवरच्या पत्र्याच्या पट्टीवर क्यूडी-१७ असं कोरलंय. शोधल्यावर कळलं की जॉन्सन कंपनीचं १९५६चं मॉडेल आहे, दहा हॉर्सपॉवर, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक.

हिवाळाभर गॅरेजमध्ये माझ्याकडे बघत बसलं होतं. परवा बर्फ वितळायला लागल्यावर हात घातला. दोन्ही प्लग काढले, वायरीला लावून इंजिनाच्या लोखंडाला टेकवले आणि दोरी ओढली. खालच्या प्लगला छान निळी ठिणगी. वरच्याला काहीच नाही. प्लगांची अदलाबदल करून पाहिली. खालचा चालू, वरचा मेलेला. म्हणजे प्लगचा दोष नाही, एवढं मलाही कळलं. (प्लग हातात धरून बघितलंत का, असं विचारू नका. बघितलंय. उजवा हात अजून माझा आहे.)

प्रश्न असा : बाजारात कॉइल, पॉइंट, कंडेन्सर सगळं नवं मिळतं. सरसकट सगळं बदलून टाकू, की जे बिघडलंय तेवढंच शोधून बदलू? मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. पाना कुठल्या बाजूने धरतात इथपासून सुरुवात आहे.

चहाबाज

पहिला! धागा वाचतोय. चहा टाकलाय.

पुणेरी_चष्मा

इंजिन डाव्या बाजूला तिरकं करून, दहा सेकंद थांबून, मग सरळ करून दोरी ओढा. आमच्या चेतकने चौदा वर्षं याच पद्धतीने साथ दिली.

व्यवहारी

रसभंग करतो, क्षमस्व. सत्तर वर्षांचं टू-स्ट्रोक इंजिन. धूर ओकणार, तेल तळ्यात सोडणार, भर पाण्यात बंद पडणार. छोटं चार-स्ट्रोक नवं घ्या, वॉरंटीसकट. जुनं दिवाणखान्यात ठेवा. तुमच्या एका तासाची किंमत काढलीत तर ही दुरुस्ती सगळ्यात महाग पडेल.

लुना_सुपर

व्यवहारी, प्रत्येक तासाची किंमत काढायची तर या संस्थळावर आपण काय करतोय?

तळ्याकाठी, मी पुण्यात पस्तीस वर्षं वर्कशॉप चालवलं. बोटीचं इंजिन कधी उघडलं नाही, पण तुम्ही सांगता ती व्यवस्था लुना, लॅम्ब्रेटा, जुनी चेतक, सगळीकडे तीच. बॅटरी नाही. वर फिरतं चाक, त्यात चुंबक. आमच्याकडे त्या अख्ख्या चाकालाच 'मॅग्नेट' म्हणतात. त्याच्या पोटात कॉइल (तारेची गुंडाळी), प्लॅटिनम पॉइंट (उघडझाप करणारा छोटा स्विच) आणि कंडेन्सर. चाक फिरलं की चुंबक कॉइलच्या पायांसमोरून जातो, आतल्या जाड तारेच्या गुंडाळीत करंट तयार होतो. पॉइंट मिटलेला असतो तोवर हा करंट गोल फिरत राहतो. नेमक्या क्षणी कॅम (दांड्यावरचा उंचवटा) पॉइंटला ढकलून उघडतो, करंट एकदम तुटतो, आणि त्या तुटण्याच्या धक्क्याने बाहेरच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत हजारो व्होल्ट उसळतात. तेच प्लगला जातात. कंडेन्सर कशाला? तर पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी पडू नये आणि करंट झटक्यात तुटावा म्हणून.

तुमच्यात सगळं दुहेरी असणार. दोन कॉइल, दोन पॉइंट, दोन कंडेन्सर. ही फार मोठी सोय आहे, कारण शेजारी एक चालू नमुना आहे. माझं मत : सगळं काढा, सगळं नवं घाला. एकदा मॅग्नेट खोलायची कटकट केलीच आहे तर परत कशाला?

मिशिगनकर

आमच्याकडे याच घराण्यातलं इविनरूड आहे. जॉन्सन आणि इविनरूड १९३०च्या दशकात एका छत्राखाली आले, त्यामुळे आत डोकावलात तर दोन्ही सख्ख्या बहिणी. या मॅग्नेटोची (चुंबकावर ठिणगी पाडणाऱ्या या सगळ्या व्यवस्थेची) खोड जगजाहीर आहे : कॉइलवरचं प्लॅस्टिकचं आवरण उन्हाळे-हिवाळे खाऊन तडकतं. तडा गेला की आत ओल शिरते आणि ठिणगी प्लगपर्यंत जायच्या ऐवजी तिथेच जवळच्या लोखंडात उडी मारते. तुमच्याही तडकल्या असणार, बघायच्या आधीच सांगतो. नवी कॉइल सहज मिळते, मूळ नंबर ५८२९९५.

आता महत्त्वाचं. वरचं चाक काढताना तीन जबड्यांचा पुलर कडेला लावून ओढू नका, चाक वाकेल किंवा तुटेल. मध्ये नटाभोवती तीन आट्यांची भोकं आहेत, त्यांत बोल्ट पिळून ओढणारा पुलर लागतो. नट पूर्ण काढू नका, दांड्याच्या टोकाबरोबर ठेवा, म्हणजे आटे वाचतात. चाक निसटलं की हाफमून की (चाक दांड्यावर जागेवर धरणारी अर्धचंद्राची चावी) कुठे पडते त्याकडे लक्ष ठेवा. ती अर्धवट कापली गेली असेल तर टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, सरकतं आणि माणूस कार्बोरेटरला शिव्या देत बसतो.

आणि प्लगच्या वायरी पण बघा.

गजालीकार्न

गोंयच्यान नमस्कार. आमच्या वाड्यावर एकाने चाक काढायला हातोडीने ठोकलं होतं. त्या चाकाची आता तुळशीपाशी बैठक झाली आहे. पुलर घ्या.

सर्किटवाली

लुना काकांशी अर्धी सहमत. काका, तुम्ही तत्त्व इतकं सुरेख सांगितलंत की कॉलेजात आम्हाला असं कुणी सांगितलं असतं तर मी तो विषय दोनदा दिला नसता. पण "सगळं बदला" याला माझा विरोध. सगळं एका दमात बदललं आणि चालू झालं, तर काय बिघडलं होतं हे कधीच कळत नाही. आणि चालू नाही झालं, तर आणखी पंचाईत, कारण आता जुन्या दोषात नव्या मालाचे दोष मिसळले. एकेक बदला, दर वेळी ठिणगी बघा, वहीत लिहा.

मल्टीमीटर असेल तर : कॉइलची प्रायमरी (आतली जाड तार) जवळपास एक ओहम किंवा त्याहून कमी दाखवेल, सेकंडरी (बाहेरची बारीक तार) काही हजार. सेकंडरी अनंत दाखवली तर तार तुटली आहे. पण उलट खरं नाही हं! मीटरवर ठीक दिसणारी कॉइलसुद्धा हजारो व्होल्टला फुटू शकते, मीटरमध्ये असतात नऊ व्होल्ट. कंडेन्सरचंही तेच. साधारण ०.२ मायक्रोफॅरड दाखवला म्हणजे तो जिवंत आहे असं नाही.

तळ्याकाठी

तुम्ही लोक म्हणजे कमाल आहात. पुलर मागवला. शनिवारी चाक उघडतो. व्यवहारी, तुमचंही बरोबर आहे, पण बायकोने "दिवाणखान्यात ठेवा" एवढंच वाक्य वाचलं आणि तुमच्या विरोधात मत दिलं.

व्यवहारी

वहिनींना दंडवत.

पुणेरी_चष्मा

अवांतर : आउटबोर्ड मोटर, म्हणजे बोटीच्या मागे टांगायचं इंजिन, हा प्रकार आला कुठून? कुणीतरी सांगा, तोवर शनिवार होईल.

मिशिगनकर

एकट्याने शोध लावला असं नाही म्हणता येणार, त्याच्या आधीही दोघातिघांनी बनवून विकल्या होत्या. पण धंदा उभा केला ओले इविनरूडने. नॉर्वेत जन्मलेला, लहानपणी विस्कॉन्सिनला आलेला. गोष्ट अशी सांगतात की तळ्यावर सहल होती, होणारी बायको बेस हिला आइस्क्रीम खावंसं वाटलं, हा वल्ही मारत गेला, परत येईपर्यंत आइस्क्रीमचं दूध झालं. त्यावरून याच्या डोक्यात आलं की वल्ह्याच्या जागी इंजिन पाहिजे. १९०९पासून मिलवॉकीत विक्री सुरू झाली. आइस्क्रीमचं किती खरं ते जाऊ द्या, पण धंद्याची पत्रं, जाहिराती, हिशेब बेस बघायची हे मात्र पक्कं. मूळ कंपनी २०००च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली, पुढे दुसऱ्यांनी घेतली, आणि २०२० साली इविनरूड मोटारी बनणं बंद झालं. म्हणून माझ्या शेडमधल्या डबड्याला मी आता 'वारसा' म्हणतो.

चहाबाज

आइस्क्रीम वितळलं म्हणून इंजिन. आमच्याकडे चहा निवला तर फक्त परत गरम करतात.

तळ्याकाठी

शनिवारचा वृत्तान्त.

चाक निघालं! पुलरचा मधला बोल्ट घट्ट केला, काही झालं नाही. आणखी घट्ट केला, काही झालं नाही. बोल्टच्या डोक्यावर हलकी टकटक केली आणि 'टण्ण' असा आवाज आला. मला वाटलं काहीतरी मोडलं. चाक सुटलं होतं. हाफमून की जागच्या जागी, कडा शाबूत.

खाली जे दिसलं ते असं : एक गोल थाळी, तिच्यावर दोन कॉइल समोरासमोर. मिशिगनकर, तुमच्या तोंडात साखर पडो, दोन्ही तडकलेल्या. वरच्या सिलिंडरच्या कॉइलला तर उभी भेग आहे, नख आत जातं. चालणारी कॉइलपण तडकलेलीच, तरी बिचारी ठिणगी देत होती. पॉइंटची तोंडं राखाडी झालीत, मध्ये एक खड्डा. कॅमच्या बाजूला एक नमद्याचा तुकडा आहे, वाळून लाकूड झालाय. तो कशाला?

लुना_सुपर

तो नमदा कॅमला तेल लावत राहायला. त्याला ग्रीसचं बोट लावा, थेंबभरच. कोरडा राहिला तर पॉइंटची टाच झिजते, गॅप (पॉइंट उघडल्यावरची फट) हळूहळू कमी होत जातो आणि एक दिवस पॉइंट उघडायचंच बंद होतं. जास्त लावलंत तर ते उडून पॉइंटच्या तोंडावर बसतं आणि करंट गायब. आमच्याकडे याला म्हणायचे "तूप कमी पण नको, जास्त पण नको".

पॉइंट फेकू नका, खड्डा फार खोल नसेल तर. बारीक पॉलिश पेपर घडी घालून पॉइंटमध्ये धरा आणि चार वेळा ओढा. मग कोरं व्हिजिटिंग कार्ड थिनरमध्ये भिजवून ओढा, कार्ड पांढरं बाहेर येईपर्यंत. नवे पॉइंट घातले तरी हे करायचंच, डबीतून येतानाच त्यांच्यावर गंज लागू नये म्हणून तेलकट थर असतो. या एका थरापायी मी पोरांना "नवा पॉइंट खराब आला" म्हणत परत दुकानात धावताना पाहिलंय.

सर्किटवाली

काका, तुम्ही परवा "सगळं बदला" म्हणालात, आज "फेकू नका" म्हणताय. पक्षांतर?

लुना_सुपर

वस्तू दिसली की मत बदलतं, ताई. फोनवर गाडी दुरुस्त करणारा आणि डोळ्यांनी बघणारा, दोघं एकच माणूस असले तरी वेगळे.

मिशिगनकर

गॅप ०.०२० इंच, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. चाक हाताने फिरवत पॉइंट जास्तीत जास्त उघडेल तिथे थांबा, तिथे मोजा. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) जाताना किंचित अडखळला पाहिजे, लोण्यातून सुरी गेल्यासारखा नको. स्क्रू आवळल्यावर परत मोजा, आवळताना हमखास सरकतं. कॅम काढलात तर त्याच्यावर वरची बाजू लिहिलेली असते, उलटा घालू नका.

नव्या कॉइल बसवताना तिचे लोखंडी पाय थाळीवरच्या घासून सपाट केलेल्या कडांच्या रेषेत हवेत. बोट फिरवून बघा, पायरी लागता कामा नये. बाहेर आली तर चाक घासेल. आत गेली तर चुंबकापासून लांब, करंट कमी.

पुणेरी_चष्मा

आमच्या मेकॅनिकचा फिलर गेज म्हणजे सिगरेटच्या पाकिटाचा कागद. ब्रँड बदलला की गाडीचा पिकअप बदलायचा.

तळ्याकाठी

दोन्ही कॉइल बदलल्या (दोन्ही तडकलेल्या होत्या, ताई, रागावू नका). पॉइंट घासून स्वच्छ केले, गॅप ०.०२०. कंडेन्सर जुनेच ठेवले. प्लगच्या वायरी काळ्या आणि जाडजूड आहेत, चांगल्या दिसल्या म्हणून त्याच नव्या कॉइलच्या खिळ्यात खोचल्या. दोरी ओढली. दोन्ही प्लगांना निळी ठिणगी! पाव इंचाची फट ठेवून पाहिली, तरी उडी मारते.

कचऱ्याच्या मोठ्या पिंपात पाणी भरलं, इंजिन त्यात टांगलं (पाण्याशिवाय चालवलं तर पंपातली रबरी पंखी करपते, हे वाचून ठेवलं होतं), पेट्रोल-तेल २४ला १. सहाव्या ओढीला सुरू झालं. सत्तर वर्षांचं इंजिन! मी गॅरेजमध्ये एकटाच टाळ्या वाजवत होतो.

आता रडगाणं. मंद चालत असताना दोन्ही सिलिंडर मस्त. वेगाचा दांडा अर्ध्याच्या पुढे नेला की एकदम दम तुटतो, एकाच सिलिंडरवर लंगडत चालतं. मागे आणला की परत सुरळीत.

व्यवहारी

सांगितलं होतं.

मिशिगनकर

कार्बोरेटर. सत्तर वर्षांचा कचरा असणार हायस्पीड जेटमध्ये. पेट्रोल कमी पडतंय. सुई थोडी उघडून बघा.

लुना_सुपर

मला कंडेन्सरचा वास येतो. वेग वाढला की जुना कंडेन्सर मान टाकतो, किती गाड्यांत पाहिलंय. आणि म्हणून म्हणालो होतो, सगळं बदला.

सर्किटवाली

थांबा. कार्बोरेटर एकच आहे आणि सिलिंडर दोन. पेट्रोल कमी पडलं तर दोघं उपाशी राहतील, एकच कसा राहील? अगदी अशक्य नाही, पण आधी फुकटातली परीक्षा करा. प्लग बाहेर काढून टेकवा, वेगाचा दांडा पूर्ण पुढे ठेवा, आणि दोरी ओढा. इंजिन चालू नाही, पेट्रोलचा संबंध नाही. ठिणगी येते का?

(प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते, ठिणगी भोकांपासून लांब असू द्या. आणि गॅरेजचं दार उघडं.)

तळ्याकाठी

ताई, तुम्ही म्हणालात तसंच केलं. दांडा मागे : दोन्हींना ठिणगी. दांडा पुढे : वरच्याला नाही! तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच.

मग उत्साहात दोन्ही कंडेन्सर बदलले. फरक शून्य.

सर्किटवाली

उत्साह आवरा! पण आता चित्र स्पष्ट आहे. वेग तोच, कारण दोरी तुम्हीच ओढताय. बदलतं ते फक्त दांड्याचं ठिकाण. दांडा हलला की इंजिनात काय हलतं?

मिशिगनकर

दांड्याबरोबर ती अख्खी थाळी फिरते, कॉइल-पॉइंट सगळ्यासकट. वेग वाढला की ठिणगी लवकर पडावी म्हणून. कार्बोरेटर मी मागे घेतो.

लुना_सुपर

कंडेन्सर मीपण मागे घेतो. स्कूटरमध्ये थाळी फिरत नाही हो, हे नवीन ऐकलं. म्हणजे फिरताना काहीतरी ताणलं किंवा चिमटलं जातंय. पॉइंटला जाणारी बारीक वायर थाळीला लागत असेल. तिथे बघा.

तळ्याकाठी

बघितली. मोकळी आहे. चाक परत काढलं, परत बसवलं (आता पाच मिनिटांत होतं, माझा मलाच अभिमान). काहीच सापडत नाही. मासेमारीचा हंगाम दोन आठवड्यांवर आलाय, पोरगी रोज विचारते.

खाडीवयलो

मालवणीत लिवतंय, समजून घेवा. धागो दोन दिस वाचतंय, आता ऱ्हवाक नाय म्हणान लिवतंय.

आमचो ओबीएमचो (आउटबोर्ड मोटारीच्या बोटींचो) धंदो, देवबागाक. पर्यटकांक संगमार नेतो. तुमचा इंजीन माझ्या आज्याच्या वयाचा, पण करंट तो करंटच. दिसा उजेडात तो पळताना दिसणा नाय. रातीचो गॅरेजचो लायट बंद कर. दारां-खिडक्यो बंद केलंस तरी चलात, पण आधी पेट्रोलची टाकी आणि नळी भायर ठेव आणि वास जावंदे. दोरी ओढूक घरातल्या कोणाक तरी सांग. तू नुसतो थाळयेच्या खालसून बग. करंट खंय पळता ता दिसतला.

चहाबाज

हा प्रतिसाद फ्रेम करून लावा कुणीतरी.

गजालीकार्न

खाडीवयल्या, अनुमोदन. खाऱ्या पाण्याकाठी तर हे नेहमीचं. मिठाचा थर बसला की वायरीवरून करंट सरपटत जातो, पावसाळ्यात अंधारात निळं जाळं दिसतं.

खाडीवयलो

म्हणान सांजचा इंजीन उतरलां की आधी गोड्या पाण्यान धुवचा. जून-जुलैत मासेमारी बंद, त्या वक्ताक सगळी इंजिना शेडीत येतत, तेव्हा आमचो मेकॅनिक जत्रेतल्या खाजेवाल्यासारखो भाव खाता.

तळ्याकाठी

सापडलं!!!

काल रात्री साडेदहा. पोरगी झोपली. टाकी अंगणात ठेवली, तासभर दार उघडं टाकलं, मग दार लावून दिवे घालवले. सौभाग्यवती दोरीला, मी गुडघ्यांवर, गाल जवळजवळ इंजिनाला टेकवून. दांडा मागे. ती म्हणाली ओढू? ओढली. प्लगांच्या टोकांना दोन निळे ठिपके, बाकी काळोख. दांडा पुढे. परत ओढली. खालचा ठिपका आहे, वरचा नाही. आणि थाळीच्या खालच्या अंगाला, प्लगची वायर भोकातून खाली उतरते तिथे, एक बारीक निळा धागा. चट्. नखाएवढा. वायरीतून निघून थाळीत जाणारा. मी ओरडलो, ती दचकली, दोरी हातातून सुटून फर्रकन आत गेली.

सकाळी वायर ओढून काढली. वरून तुकतुकीत. पण भोकात जो भाग बसतो तो वाकवला तर रबराला गोल चीर, आतली तांब्याची तार दिसते. दांडा मागे असला की चीर मिटलेली. पुढे नेला की थाळी फिरते, वायर पिळते, चीर उघडते आणि करंटला घरचा रस्ता सापडतो. कॉइलला भेग पडली होती तीही खरीच, पण तिच्या मागे हे लपलं होतं.

मिशिगनकर

विनम्रपणे निदर्शनास आणतो की मी पहिल्याच प्रतिसादात, शेवटच्या ओळीत लिहिलं होतं : "आणि प्लगच्या वायरी पण बघा."

पुणेरी_चष्मा

तुमच्याच "बघा" वरून त्यांनी बघितली आणि "चांगल्या दिसल्या" असं लिहिलं. चूक कोणाची, यावर वेगळा धागा काढून शंभर प्रतिसाद होतील.

सर्किटवाली

मिशिगनकर, तुम्ही अख्खा परिच्छेद पुलरवर लिहिला आणि वायरीवर पाच शब्द. आम्ही पुलर लक्षात ठेवला. :)

वायर घेताना तांब्याच्या तारेची घ्या, सात मिलिमीटर जाडीची. गाड्यांसाठी हल्ली कार्बनच्या दोऱ्याची मिळते, ती नको, कॉइलचा खिळा तिच्यात नीट रुतत नाही.

लुना_सुपर

आणि दोन्ही वायरी बदला. एकाच वयाच्या आहेत.

(हो ताई, "सगळं बदला" हेच म्हणतोय परत. पण आता कारण दिलंय.)

सर्किटवाली

मान्य, काका.

व्यवहारी

मूळ प्रश्नाकडे येऊ. "सगळं बदलू की शोधत बसू?" हिशेब मांडा पाहू.

तळ्याकाठी

घ्या हिशेब. पुलर, दोन कॉइल, दोन कंडेन्सर, प्लग आणि वायर धरून शंभर डॉलरच्या आतबाहेर. त्यातली वायर सगळ्यात स्वस्त. सुरुवातीलाच दुकानातून 'सगळं' आणलं असतं तर त्या 'सगळ्या'त कॉइल, पॉइंट, कंडेन्सर आले असते, वायर नसती आली. सगळं बदलूनही लंगडत राहिलं असतं आणि मी तुमचं ऐकून नवं घ्यायला गेलो असतो. पण आंधळेपणाने कंडेन्सर बदलले ते पैसे वाया गेलेच. जुने कंडेन्सर परत घालून पाहिले, चालतंय. नवे डबीत ठेवलेत.

तासांचा हिशेब विचारू नका. बायको म्हणते, लग्नाला दहा वर्षं झाली, अंधारात हात धरून बसण्याऐवजी दोरी धरून बसवणारा एकटा तूच असशील.

व्यवहारी

वहिनींचं वाक्य बघता हिशेब बरोबर आहे. धुराचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही.

तळ्याकाठी

तो मान्यच. म्हणून फक्त रविवारी, तासभर.

चहाबाज

पाण्यात उतरली का? मासा?

तळ्याकाठी

गेल्या रविवारी उतरली. आजोबांना फोन करून इंजिनाचा आवाज ऐकवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, चोक जरा लवकर बंद करत जा, माझे वडील पण उशीर करायचे.

मासा एक. सनफिश, पोरीच्या तळहाताएवढा. तिने नाव ठेवलं, त्यामुळे सोडून द्यावा लागला.

आता पेट्रोलच्या टाकीचं दुखणं. या इंजिनाला पेट्रोलचा पंपच नाही. दोन नळ्यांची टाकी आहे, एका नळीतून इंजिन टाकीत दाब भरतं, दुसरीतून पेट्रोल येतं. जोडापाशी थेंब थेंब गळतंय. दाबाखालचं पेट्रोल म्हटल्यावर पोटात गोळा येतो, तोवर बोट काठाला. त्याचा वेगळा धागा काढतो.

मिशिगनकर

ती टाकी अजिबात वापरू नका तोवर. जोडातल्या गोल रबरी रिंगा बदलायच्या, किंवा पंप बसवून एका नळीवर यायचं. दोन्ही सांगतो.

लुना_सुपर

वेगळा धागा नको. इथेच लिहा. मला नवीन धागे सापडत नाहीत.